चित्राला संगीत देण्याचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये राहून चित्रपट, मालिका, माहितीपट आणि अलीकडे गेम यांना संगीत देते. क्लासमधली मुलं, त्यांचे आईवडील आणि ओळखीपाळखीचे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका ठिकाणी केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. एखादं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. संगीतकार म्हणजे गाण्यांना चाली लावणारा ना? मग तुम्ही नेमकं काय करता?

चित्रपटाची श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा. ‘संगीत’ आणि ‘पार्श्वसंगीत’ अशी दोन नावं पुष्कळदा वेगळी असतात. पाच गाणी, प्रत्येकी पाच मिनिटांची धरली तरी पंचवीस मिनिटं झाली. उरलेल्या वेळात दार वाजतं, कोणी रडतं, कोणी पळतं, त्याखाली जे वाजतं ते पार्श्वसंगीत, म्हणजे आमच्या बोलण्यात ‘बीजीएम’. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही गाणी आणि पार्श्वसंगीत यांना आता स्वतंत्र पुरस्कार आहेत. शिवाय चालीला वाद्यांचं अंग देणारा अरेंजर वेगळा आणि ते सगळं कॉम्प्युटरवर वाजवून घेणारा प्रोग्रॅमर वेगळा. लहान कामात या चारही खुर्च्यांवर एकच माणूस बसतो. बहुतेक वेळा मीच.

२. माझं विशारद झालंय, पण नोटेशन वाचता येत नाही. चालेल का?

चालेल. कायद्यालासुद्धा नोटेशन लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येत संगीत रचणारा तो संगीतकार, मग त्याने ते लिहून ठेवलेलं असो वा नसो. अडचण येते ती मुंबईहून व्हायोलिनवाले बोलावल्यावर. ते स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचून वाजवतात आणि त्यांची शिफ्ट घड्याळावर चालते. तेव्हा लिहून देणारा माणूस सोबत हवा, नाहीतर सहा महिने बसून स्वतः शिकावं.

विशारदाने कान आणि लय पक्की होते, ही मोठी शिदोरी आहे. स्वरमेळ, म्हणजे एका वेळी अनेक सूर कसे नांदवायचे, ते मात्र त्यात शिकवत नाहीत. आणि आटोपशीरपणाही नाही. आलापाला वीस मिनिटं लागतात अशी सवय असलेल्याला वीस सेकंदांत मारवा रागाची हुरहूर आणायची म्हटलं की घाम फुटतो. दोन्हीकडचं जमवणारे लोक होऊन गेलेत. भास्कर चंदावरकर सतारीचे, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं चित्रपटसंगीत शिकवलं. वनराज भाटिया लंडन आणि पॅरिसला शिकून आले आणि इथे ढिगाने जाहिरातींच्या जिंगल केल्या.

३. मुलगा बारावीत आहे. इंजिनिअरिंग नको, गेमचं संगीत करायचं म्हणतो. काय सांगू त्याला?

त्याला एक मिनिटाची कुठलीही व्हिडिओ क्लिप द्या, आवाज बंद करून, आणि रविवार संध्याकाळपर्यंत तिला संगीत द्यायला सांगा. मग सोमवारी तीच क्लिप दहा सेकंदांनी कापून पुन्हा द्या. दुसऱ्यांदाही तो कुरकुर न करता बसला तर विषय गंभीरपणे घ्या. पदवी मात्र कुठलीतरी घेऊ द्या. या धंद्यात पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्या कमाईचा टेकू लागतो.

४. नाशिकमध्ये राहून हे होतं का, की मुंबई गाठावीच लागते?

दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली मुंबईत पहिला चित्रपट काढला आणि मग बिऱ्हाड नाशकात हलवून पुढचे इथेच काढले. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एकाने देऊन ठेवलंय. अर्थात त्यांचे ते चित्रपट मूक होते, संगीतकाराची कटकट नव्हती.

आज रचना, प्रोग्रॅमिंग आणि एकट्या वाद्याचं रेकॉर्डिंग हे सगळं गंगापूर रोडवरच्या गच्चीवरच्या खोलीत होतं. मुंबईला तीन गोष्टींसाठी जावं लागतं. दिग्दर्शकाबरोबरची पहिली बैठक, वादकांचा मोठा ताफा लागेल ते रेकॉर्डिंग आणि शेवटचं मिक्सिंग. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळच्या पंचवटीने परत येता येतं, मी कित्येकदा केलंय. पण सुरुवातीची दोन वर्षं काम नसतानाही जाऊन या. तिथे काम फोनवर ठरतं, पण फोन चेहरा आठवला तरच येतो.

इथलं एक भांडवल मुंबईत मिळत नाही. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-पथकांचा सराव चालतो. पथकप्रमुखाला विचारून मोकळ्या जागेत नाशिक ढोल रेकॉर्ड करा. एक माइक पानापासून हातभर, एक पंधरा-वीस पावलांवर. जवळचा टिपरूचा फटका पकडतो, लांबचा छातीत बसणारी घुमक. बंद खोलीत हा ढोल नुसता कोंडतो.

५. सामान काय घेऊ? अमुक कीबोर्ड घेऊ की तमुक?

रोज येणारा प्रश्न, म्हणून उत्तर थोडक्यात. बऱ्यापैकी रॅम असलेला कॉम्प्युटर, साधा मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरमधली वाद्यं वाजवायला), ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी), एक कंडेन्सर माइक आणि चांगला हेडफोन. आणि यूपीएस. माझं चाळीस मिनिटांचं काम एकदा वीज गेल्याने गेलं, तेव्हापासून यूपीएसला मी वाद्यांमध्ये धरते. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर स्वस्त आहे आणि त्यात सगळं होतं. चित्राच्या कामाला सेशन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधली कामाची फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. ४४.१ हे सीडीचं माप.

६. चित्राला संगीत ‘बसवतात’ म्हणजे काय? चाल सुचली की टाकायची, असं नाही का?

आधी दिग्दर्शकाबरोबर पूर्ण फिल्म बघून संगीत कुठे सुरू, कुठे बंद हे ठरतं. त्याला स्पॉटिंग म्हणतात. त्या प्रत्येक तुकड्याला क्यू. खरं कसब संगीत कुठे नको हे ओळखण्यात असतं. नवशिक्यांचं पहिलं काम भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घातल्यासारखं असतं.

मग हिशेब. समजा, बाई गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, येते, पायऱ्या उतरते आणि बरोबर ४० व्या सेकंदाला पत्र उघडते. पत्रावर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, यायला हवी. मिनिटाला ७२ मात्रांची लय घेतली आणि चित्र सेकंदाला २४ फ्रेमचं असेल, तर एक मात्रा होते २० फ्रेमची. ४० सेकंदांत ४८ मात्रा, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं. पत्र उघडतं आणि सम पडते. झकास.

दुसऱ्या दिवशी एडिटरचा फोन येतो. “मॅडम, एक सेकंद कमी केलाय.” आता ४८ मात्रा ३९ सेकंदांत बसवायच्या, लय ७३.८५ करायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आठवड्याने तो आणखी तीन सेकंद कापतो, म्हणजे उरले ३६. त्याच ४८ मात्रांसाठी लय ८० होईल आणि बाई पायऱ्या उतरताना घाईत आहे असं वाटेल. तेव्हा लयीला हात लावायचा नाही. सुरुवातीचं अर्धं आवर्तन सोडायचं आणि खालीपासून, नवव्या मात्रेपासून उचल घ्यायची. आठ मात्रा आणि दोन आवर्तनं मिळून ४०. त्यांना ८०० फ्रेम लागतात, हातात आहेत ८६४. संगीत ६४ फ्रेम उशिरा सुरू करायचं. तेवढ्या वेळात नुसता पाण्याचा आवाज ऐकू येतो, आणि माझ्या मते तो सीन आधीपेक्षा बरा झाला.

तबलजी मुखडा घेऊन समेवर येताना मनातल्या मनात हेच करतो. फक्त इथे सम एडिटरच्या हातात असते.

७. माझं संगीत सुरुवातीला जुळतं आणि पुढे पुढे चित्राच्या मागे पडत जातं. का?

फ्रेम-रेट. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचं टीव्ही २५ चं. २४ ची फिल्म २५ ने पळवली की ती आखूड होते. माझा २० मिनिटांचा माहितीपट वाहिनीसाठी असा बदलला गेला आणि ४८ सेकंद कमी झाले. शेवटच्या आरतीचं संगीत दिवे विझल्यावर वाजत होतं. चूक माझीच, मी विचारलं नव्हतं. पहिल्या नोटच्या आधी एडिटरला फ्रेम-रेट लेखी विचारा आणि ‘पिक्चर लॉक’, म्हणजे यापुढे काटछाट नाही असं, झालंय का तेही. लॉक झालंय असं तो म्हणेल, पण क्र. ६ विसरू नका.

८. दिग्दर्शकाने एडिटमध्ये आधीच दुसऱ्याचं संगीत लावलंय आणि ‘अगदी असंच दे’ म्हणतो. काय करावं?

हा टेम्प ट्रॅक. महिनाभर रोज तोच ऐकून दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडलेला असतो. शक्य असेल तर पहिल्यांदा फिल्म बिनआवाजी मागा. नसेल तर त्याला विचारा, यातलं नेमकं काय आवडतं? लय, वाद्य की रिकामी जागा? दहातल्या आठ वेळा उत्तर लय असं येतं. तेवढी घ्या, सूर स्वतःचे ठेवा. ‘चार सूर इकडेतिकडे केले की झालं’ या सल्ल्यावर विसंबू नका. चाल ओळखू आली तर निस्तरावं तुम्हालाच लागतं.

९. रोजच्या मालिकेला रोज नवं संगीत करतात?

नाही, तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. सुरुवातीलाच शीर्षकगीत आणि त्याच्या चालीवरून एक बँक करून देतात. सासूचा संशय, नायिकेचं रडू, गोड प्रसंग, सणवार आणि तो सुप्रसिद्ध ‘धडाम’. प्रत्येक तुकडा तीन लांबींत आणि वाद्यं सुटी करून, म्हणजे स्टेम. मग भागागणिक लावायचं काम दुसरा माणूस करतो. गंमत नाही, पण पैसे वेळेवर येणाऱ्या कामांपैकी हे एक.

१०. गेमचं संगीत वेगळं कसं? तेही पार्श्वसंगीतच ना?

चित्रपटात पत्र ४० व्या सेकंदाला उघडतं हे ठरलेलं असतं. गेममध्ये खेळणारा पत्र उघडेलच असं नाही. तो पायरीवर बसून चहा प्यायला जाईल.

एका विद्यार्थी गटासाठी मी रामशेज किल्ला चढण्याचा छोटा गेम केला होता. शांत चढताना नुसता तंबोरा आणि वारा. गस्तवाला जवळ आला की त्यावर तुणतुणं, त्याने पाहिलं की हलगी. तिन्ही थर सतत एकत्र धावत असतात, वरच्या दोघांचा आवाज बंद असतो. खेळातल्या घटनेप्रमाणे तो उघडतो किंवा मिटतो. म्हणून तिन्हींची लय, पट्टी आणि लांबी एकच लागते. दुसरी पद्धत तुकड्यांची : हा तुकडा संपताना, मात्रेवर, पुढचा कुठला ते गेम ठरवतो. हे सांभाळायला एफमॉड आणि वाइज ही सॉफ्टवेअर वापरतात. दोन्ही शिकण्यासाठी फुकट उतरवता येतात.

सगळ्यांचं अडतं ते लूपवर, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजणाऱ्या तुकड्यावर. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत १२० मात्रा म्हणजे ९० सेकंद. मुलगा एका बुरुजावर वीस मिनिटं अडकला तर तो तुकडा तेरा वेळा ऐकणार. म्हणून त्यात लक्षात राहील असा ठसठशीत मुखडा नको, तिसऱ्या फेरीला डोकं उठतं. दुसरं, शेवटच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लूपच्या टोकाला कापली जाते आणि सांधा कळतो. ती आस कापून पुन्हा सुरुवातीवर चढवायची. तिसरं, लूप एमपीथ्रीत देऊ नका. त्या फाइलच्या टोकांना कणभर शांतता चिकटते आणि प्रत्येक फेरीला ठेच लागते. वेव्ह किंवा ऑग द्या.

११. भारतात गेमचं काम मिळतं कुठे?

पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद. पण स्पर्धा जगाशी आहे. ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवरचा गेम पुण्यात बनला, २०२० साली आला. त्याचे संगीतकार लिनोस त्झेलोस, ग्रीसचे. वाईट वाटून घेण्यापेक्षा मी याचा उलटा अर्थ काढते. अथेन्सला बसून पुण्याचं काम होत असेल तर नाशकात बसून कुठलंही व्हावं. गेम जॅममध्ये भाग घ्या. दोन-तीन दिवसांत अनोळखी लोकांबरोबर पूर्ण गेम करायचा असतो, आणि आज तुमच्याबरोबर फुकट काम करणारा प्रोग्रॅमर उद्या कुठल्यातरी स्टुडिओत असतो. २०२३ पासून ग्रॅमीतही गेमच्या संगीताचा वेगळा विभाग आहे, हे घरच्यांना सांगायला उपयोगी पडतं.

१२. पहिलं काम कसं मिळवू? फुकट करावं का?

नाटकापासून सुरुवात करा. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर दरवर्षी हौशी संस्था उतरतात आणि प्रत्येकीला संगीत हवं असतं. नट रोज वेगळ्या वेगाने बोलतो, त्यामुळे तिथे तयार झालेला हात पुढे गेमलाही कामी येतो. शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. माहितीपटवाले कॅमेरे घेऊन येणारच.

फुकट करायचं तर मित्राचं करा, ज्याच्याकडेही पैसे नाहीत. कॅमेरा भाड्याने आणला, जेवणाचा डबा आला, फक्त संगीताला बजेट नाही, तिथे नमस्कार करून उठावं.

१३. पैसे कसे ठरतात? ‘पॅकेज’ म्हणजे काय?

एक पद्धत मानधनाची. रेकॉर्डिंगचा खर्च निर्माता करतो, तुमचं मानधन वेगळं. दुसरी पॅकेजची. एक आकडा मिळतो आणि स्टुडिओ, वादक, गायक, मिक्सिंग सगळं त्यातून. माझ्या पहिल्या पॅकेजमध्ये एका क्यूच्या सात दुरुस्त्या झाल्या, बासरीवाल्याला तिसऱ्यांदा बोलावलं आणि मला उरले अकराशे रुपये. तेव्हापासून दोन दुरुस्त्यांच्या पुढे वेगळे पैसे असं आधी लिहून घेते आणि निम्मी रक्कम आगाऊ. पैशांतून सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो. तो बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी. बाकी सीएला विचारा.

१४. करारात काय बघायचं?

आधी करार आहे का ते बघायचं. हक्क देणं कायद्याने लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. ‘आपलं घरचंच आहे’ म्हणणाऱ्याकडूनच लेखी घ्या. मग मुदत आणि प्रदेश. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणून तयार करारात ‘कायमचे’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द हमखास असतात. विश्वात! मंगळावर वाजलं तरी. गेमचे करार बहुधा एकरकमी असतात, तेव्हा तिथे आकडा तसाच मागा.

१५. मी ‘सर्व हक्क, रॉयल्टीसह’ दिले असं सही करून बसलोय. आता संपलं का?

चित्रपट किंवा मालिकेसाठी असेल तर पूर्ण नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजण्याखेरीज इतर वापराच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात उलट लिहिलं असलं तरी. पण हा पैसा आपोआप दारात येत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं, सभासद व्हा आणि प्रत्येक कामाची नोंद करा, पार्श्वसंगीताचीही. माझ्या ओळखीतले निम्मे लोक सभासद आहेत आणि नोंद कोणीच करत नाही.

१६. संतांचा अभंग वापरला तर कोणाची परवानगी?

शब्दांना नको. तुकोबांवर कोणाचा हक्क नाही. पण ज्या चालीत तो तुम्हाला पाठ आहे ती चाल बहुधा विसाव्या शतकातल्या कोणाची तरी असते, आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिचा हक्क चालतो. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, तेव्हा त्यांच्या चाली २०७१ संपेपर्यंत संरक्षित आहेत. उलट विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांचा रामनाम आधार आश्रम आपल्या पंचवटीत होता, १९३१ साली गेले. त्यांची रामधून मोकळी आहे. मात्र ती कोणी गाऊन ध्वनिमुद्रित केली असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, प्रकाशनापासून ६० वर्षं. स्वतः गाऊन घ्या. देवळात ऐकलेली आरती ‘पारंपरिक’ म्हणून ढकलण्याआधी गुरवाला नाही, जुनी रेकॉर्ड जमवणाऱ्या माणसाला विचारा.

राग कोणाच्या मालकीचा नसतो, बंदिश असू शकते. हा प्रश्नही याच गठ्ठ्यातला.

१७. रीतसर विकत घेतलेला लूप वापरला, तरी यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा आला. असं कसं?

तोच लूप दुसऱ्या कोणीतरी त्याच्या गाण्यात वापरला आणि ते गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं. आता मशीनला तुमचा तुकडा त्याचाच वाटतो. लूपच्या परवान्याची प्रत जोडून दावा खोडता येतो, म्हणून पावती जपा. आणि स्वतः असं गाणं कंटेंट आयडीत टाकू नका, तुमच्यामुळे तिसऱ्याला हाच ताप. सोलापूरच्या हलगीवाल्याला दोन तास बोलावून स्वतःचा ठेका रेकॉर्ड केला तर ही भानगडच नाही.

१८. एआयने संगीत करून दिलं तर चालेल का?

निर्मात्याला आधी सांगितलं असेल तर तो ठरवेल. न सांगता नको. काम स्वतःचं आहे अशी हमी तुम्ही करारात देता, आणि हल्ली त्यासाठी वेगळं कलम मला दिसू लागलंय. आमच्या धंद्यात बँकेतल्या ‘धडाम’सारखी कामं आधी जातील असं मला वाटतं. क्र. ६ मधल्या ६४ फ्रेमसाठी अजून फोन येतात.

१९. संगीत मी केलं, नाव दुसऱ्याचं लागलं. काही करता येतं?

मोठ्या संगीतकाराच्या हाताखाली वाजवणारा-रचणारा असाल तर हे घडतं, माझ्याबाबतीतही घडलंय. तेव्हा मी गप्प बसले, कारण पुढचं काम हवं होतं. कायद्याने हक्क विकले तरी कृती माझी आहे असं म्हणायचा अधिकार राहतो. म्हणायचं असेल तर पुरावा लागतो. प्रत्येक मसुदा तारखेसह स्वतःलाच ईमेल करून ठेवा, सेशन फाइल पुसू नका. आणि ‘अतिरिक्त पार्श्वसंगीत’ असं श्रेय काम सुरू होण्याआधी मागा, तेव्हा ते मिळण्याची शक्यता बरी असते.

२०. तुम्हाला डेमो पाठवला तर ऐकाल का?

ऐकते. तीन तुकडे, प्रत्येकी दीड मिनिटाच्या आत, चित्रासह. गूगल ड्राइव्हची लिंक पाठवा आणि ती उघडी आहे ना ते दुसऱ्या फोनवरून तपासून बघा. गणपतीच्या दहा दिवसांत पाठवू नका, मी रेकॉर्डर घेऊन रस्त्यावर असते.